क्योटोतल्या जुन्या मिठाईच्या दुकानात कसं जावं, काय घ्यावं, कसं खावं

पाहुणे क्योटोला येणार असं कळलं की मी आधी त्यांच्या मुक्कामाच्या तारखा विचारते आणि त्यावरून मिठाई ठरवते. इथल्या जुन्या दुकानांत मिठाई किलोवर विकत नाहीत. महिना कोणता, त्यातला आठवडा कोणता, आणि घेतल्यापासून किती तासांत ती तोंडात जाणार, हे आधी ठरवायचं; मग दुकान, मग जिन्नस. हा क्रम उलटा झाला की लोक स्टेशनवरच्या चकचकीत खोक्यांपाशीच थांबतात, महिनाभर टिकणारं काहीतरी उचलतात आणि "जपानी मिठाई काही खास नसते हो" म्हणत विमानात बसतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्याच शहरात एखादं घराणं चारशे वर्षं एक पदार्थ निगुतीनं करत आलेलं असतं.

माझं माहेर कऱ्हाडचं, सासर सांगलीचं, आणि संसार क्योटोत. चहाविधी शिकायला जाते, त्यामुळे ताजी मिठाई सतत समोर येते आणि ती दुकानातून आणायची पाळीही माझ्यावर येते. खालचं सगळं त्या आणण्या-खाण्यातून जमलेलं आहे.

दुकानात शिरताना

जुन्या दुकानाच्या दारावर कापडी पडदा टांगलेला असतो, त्याला नोरेन म्हणतात. नोरेन बाहेर लावलेला असेल तर दुकान उघडं, आत घेतला असेल तर बंद. पाटीवरचं एक अक्षर वाचता आलं नाही तरी एवढी खूण पुरते. पडदा हातानं बाजूला करा, दार सरकवा, आत जा.

आत गेल्यावर बरेच जण बिचकतात, कारण दुकान रिकामं वाटतं. काचेच्या कपाटात पाच-सहा जिन्नस, प्रत्येकाचा एकेकच नग, ताटलीत मांडलेला. ते नमुने असतात. माल आतल्या खोलीत, उथळ पेट्यांमध्ये झाकून ठेवलेला असतो. तुम्ही नमुन्याकडे बोट दाखवायचं, बोटांनीच आकडा सांगायचा, मग आतून खोकं भरून येतं. एकच नग मागायला अजिबात संकोचू नका. "हितोत्सु दाके देमो ई देस का?" म्हणजे एकच दिला तर चालेल का, एवढं पाठ करा. चालतंच. एका माणसासाठी एक नग ही इथली नेहमीची खरेदी आहे, आणि तो एक नगही तेवढ्याच निगुतीनं कागदात बांधून देतात.

दुसरं वाक्य त्याहून कामाचं: "हिमोची वा दोनो कुराई देस का?" किती टिकेल? उत्तरात "होंजित्सु" किंवा "क्यो" ऐकू आलं तर आज, "आशिता" ऐकू आलं तर उद्यापर्यंत. हे उत्तर गंभीरपणे घ्या. "आज" म्हणजे आजच. खोक्यावरची तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानं छापलेली असते, आणि काही ठिकाणी वर्ष जपानी गणनेचं असतं. २०१९ हे रेइवा १, त्यावरून पुढचं मोजायचं. नाहीतर "७" बघून माणूस सातवा महिना समजतो.

शक्यतो सकाळी दहा-अकराला जा. नाजूक हातघडणीची मिठाई दुपारनंतर संपत जाते, आणि संपली की संपली. संध्याकाळसाठी दुसरा घाणा लावत नाहीत. रोख येन जवळ ठेवा, काही जुनी दुकानं अजून कार्ड घेत नाहीत. फोटो काढायचा तर आधी विचारा. ऋतूप्रमाणे घडवलेली ती चित्रासारखी मिठाई, जिला जोनामागाशी म्हणतात, साधारण ४०० ते ६०० येनला एक पडते. महाग वाटेल. पण हातावर घेऊन नीट बघा: शरदातल्या किंतोनमध्ये, म्हणजे पुरणाचे तंतू लावलेल्या गोळ्यात, चाळणीतून पाडलेल्या आंकोचा (गोड पुरणाचा) एकेक तंतू सुटा दिसतो, लाल तंतू पिवळ्यात मिसळत जातो, आणि ते सगळं चॉपस्टिकनं एकेक करून मधल्या गोळ्यावर लावलेलं असतं, दाबलं न जाता.

आत नेमकं काय असतं

पाया आंकोचा. अझुकी नावाच्या लहान लाल दाण्यांचं, म्हणजे आपल्या लाल चवळीच्या जवळच्या कडधान्याचं, गोड पुरण. सालांसकट ठेवलं तर त्सुबुआन, सालं काढून गाळलं तर कोशिआन, आणि पांढऱ्या घेवड्याचं केलं तर शिरोआन. रंगीत फुलं-पानं घडवतात ती शिरोआनमध्ये तांदळाचं चिकट पीठ मुरवून केलेल्या नेरिकिरीची. क्योटोत मात्र बहुतेक कोनाशी वापरतात. त्यात पुरणात गव्हाचं पीठ घालून ते वाफवतात आणि मग मळतात. कोनाशी जरा घट्ट असते, दाताला किंचित प्रतिकार करते. मला ती जास्त आवडते.

टिकाऊपणाचा हिशेब ओलाव्यावर आहे. ३० टक्के किंवा त्याहून जास्त ओलावा असेल तर नामागाशी, १० ते ३० मध्ये असेल तर हान-नामागाशी, आणि १० च्या आत असेल तर हिगाशी. नामागाशी त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी खायची. हिगाशी, म्हणजे साच्यातून काढलेल्या साखरेच्या कोरड्या वड्या, महिनोन्महिने राहते. हिगाशीत वासांबोन साखरेची मिळाली तर तीच घ्या. शिकोकूतल्या तोकुशिमा आणि कागावा भागात ती करतात. जिभेवर ठेवली की चावायची गरजच पडत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी हा प्रदेश खरंच सोयीचा आहे. तांदूळ, कडधान्य, साखर, समुद्री शेवाळाचा कांतेन, कुझुच्या मुळांचं सत्त्व, यावरच बहुतेक पारंपरिक प्रकार उभे आहेत. दूध-लोणी जवळजवळ नाही. अंड्याकडे लक्ष ठेवा. कासुतेरा, दोरायाकी, वाकाआयु नावाची माशाच्या आकाराची उन्हाळी मिठाई, आणि किमिशिगुरे, यांत अंडं असतंच. "तामागो वा हाइत्ते इमास का?" असं विचारा. नव्या धाटणीच्या दुकानांत थलथलीत काही दिसलं तर "झेराचिन?" असंही विचारा. जुन्या घराण्यांत जेली गोठवायला सहसा कांतेनच असतो, पण विचारण्यात कमीपणा नाही.

ओदान: गणपतीचा नैवेद्य, क्योटोच्या हातचा

मराठी माणसाला क्योटोत एकच मिठाई खाता येणार असेल तर मी त्याला गिओनला नेते. यासाका देवळाच्या दगडी पायऱ्या उतरलात की दक्षिणेकडे थोडं चालायचं. तिथं कामेया कियोनागा हे १६१७ साली सुरू झालेलं दुकान आहे. तिथं सेइज्यो कांकिदान मिळतं. दुकानात "ओदान" एवढं म्हटलं तरी पुरतं.

हा पदार्थ नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात, चीनला गेलेल्या जपानी शिष्टमंडळांबरोबर, बौद्ध धर्माच्या सामानासुमानातून इथं आला. त्या वेळी आलेल्या तळलेल्या मिठायांना काराकुदामोनो म्हणत. त्यातल्या बहुतेक आता फक्त देवळांच्या विधींत उरल्या आहेत. ओदान टिकला तो ज्या देवाला तो वाहतात त्या देवामुळे. हा देव कांगितेन, किंवा शोतेन. हत्तीचं मस्तक असलेला. आपला विनायकच, तांत्रिक बौद्ध पंथांबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला. पुष्कळदा त्याच्या दोन मूर्ती एकमेकींना आलिंगन दिलेल्या असतात, आणि त्या इतक्या पवित्र मानल्या जातात की दर्शनाला उघड्या ठेवत नाहीत. त्याला मुळा वाहतात आणि हा कांकिदान वाहतात. मोदकच तो, हजार-बाराशे वर्षांच्या प्रवासात वाफेकडून तेलाकडे गेलेला आणि नारळ-गुळाऐवजी अझुकी पोटात घेतलेला.

हातात घेऊन बघा. बटव्याचा आकार, तोंडाशी आवळून आठ चुण्या. त्या आठ चुण्या म्हणजे आठ पाकळ्यांचं कमळ. वरचं आवरण पिठाचं, पण त्यात सात प्रकारचे सुगंधी पदार्थ कुटून घातलेले असतात. चंदन आणि दालचिनी त्यातलीच. आत कोशिआन. पूर्वी आत चेस्टनट, पर्सिमन, जर्दाळू असं फळांचं सारण असे. अझुकीचं पुरण आलं ते एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात. मग तिळाच्या तेलात सावकाश तळतात, आवरण खणखणीत होईपर्यंत.

खायची पद्धत सांगते, कारण थेट चावा घेऊन दात दुखावणारे पुष्कळ आहेत. घरी किंवा हॉटेलात छोटा ओव्हन असेल तर दोन-तीन मिनिटं हलका गरम करा. गार झाला तरी चालेल, पण आवरण परत कुरकुरीत झालं पाहिजे. मग कागदात धरून वरच्या चुण्या आधी मोडा आणि त्या तशाच खा; सुगंध सगळ्यात जास्त तिथं आहे. उरलेला बटवा हातानं दोन तुकडे करून खा. सोबत बिनसाखरेचा हिरवा चहा. एक ओदान दोघांत पुरतो.

माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी खोकं उघडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर अष्टगंध!" मी कोणता देव, कोणता नैवेद्य ते सांगायच्या आधीच. सांगितल्यावर त्यांनी ओदान ताटलीत काढून घरच्या गणपतीपुढे ठेवला, पाणी फिरवलं आणि मगच आम्हाला खाऊ दिला. "आई, चव कशी आहे?" तर म्हणाल्या, "पहिला घास औषधी लागतो, दुसरा आवडतो." अगदी बरोबर आहे. पहिल्या घासावर मत बनवू नका.

ज्यांना शोतेनचं ठिकाण बघायचं आहे त्यांनी एक सकाळ काढून नारा प्रांतातल्या इकोमाला जावं. किंतेत्सु रेल्वेनं इकोमा स्टेशन, तिथून केबल कार. ही १९१८ मध्ये सुरू झालेली जपानमधली पहिली केबल कार. वर होझानजी देऊळ. मूर्ती दिसणार नाही, हे मनाशी धरूनच जा.

जागेवर खायचं ते जागेवरच

काही पदार्थ बांधून घेण्यात अर्थ नसतो. शहराच्या उत्तरेला इमामिया देवळाच्या पूर्वेच्या दाराबाहेर समोरासमोर दोन दुकानं आहेत, इचिवा आणि काझारिया. दोन्हीकडे एकच पदार्थ: आबुरी मोची. इचिवाची परंपरा सन १००० पासूनची सांगतात, आणि आजही तेच घराणं चालवतं. अंगठ्याच्या पेराएवढे मोचीचे, म्हणजे चिकट भात कुटून केलेल्या गोळ्याचे, तुकडे भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवून बांबूच्या काड्यांना लावतात, निखाऱ्यांवर कडा करपेपर्यंत भाजतात आणि पांढऱ्या मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) गोडसर रसात बुडवून देतात. भाजणाऱ्या बायका दाराशीच बसलेल्या असतात; धूर तुमच्या कपड्यांना लागणार. सहसा बुधवारी बंद असतं, तेवढं बघून निघा. कोणतं दुकान चांगलं यावर क्योटोत एकमत नाही. मी इचिवात बसते.

गिओनच्या शिजो रस्त्यावर कागिझेन योशिफुसा आहे, अठराव्या शतकातलं. तिथं आतल्या बैठकीत कुझुकिरी मागवा. कुझुच्या सत्त्वाच्या रुंद, पारदर्शक पट्ट्या बर्फाच्या पाण्यात येतात. त्या काढून काळ्या गुळाच्या पाकात बुडवायच्या. मागणीनंतर करतात, त्यामुळे थोडं थांबावं लागतं, पण समोर आल्यावर तुम्ही मात्र थांबू नका. दहा-पंधरा मिनिटांत पट्ट्या पांढुरक्या होतात आणि त्यांचा ताण जातो. फोटो एकच काढा.

घडवताना बघायचं असेल तर इमादेगावा-होरिकावाच्या कोपऱ्यावर त्सुरुया योशिनोबुचं मुख्य दुकान, १८०३ चं. वरच्या मजल्यावर छोटा ओटा आहे. कारागीर तुमच्यासमोर ऋतूची मिठाई करतो आणि मात्चासोबत, म्हणजे घोटलेल्या हिरव्या चहाच्या पुडीसोबत, देतो. त्याच्या डाव्या तळव्याकडे लक्ष ठेवा. गोळा तिथं सतत फिरत असतो, आणि उजव्या हाताच्या बोटांनी तो आवरण वर-वर चढवत नेतो, सारण कुठंही दिसू न देता. आपल्याकडे पुरणपोळीचा उंडा भरणारी बाई ते लगेच ओळखेल.

देमाचीयानागीजवळच्या फुताबा या १८९९ च्या दुकानासमोर रांग असते. रांग पाहून परत फिरू नका, ती भराभर सरकते. मामेमोची घ्या: मऊ मोचीत खारवलेले लाल वाटाणे, आत कोशिआन. खारट आधी, गोड नंतर. लोक ती घेऊन कामो नदीच्या संगमावर बसून खातात. तिथं डोक्यावर घारी फिरत असतात आणि पाठीमागून येऊन हातातला घास उचलतात. झाडाखाली किंवा भिंतीला पाठ लावून बसा, आणि मोची कागदाबाहेर काढून हातात धरून ठेवू नका.

महिन्याप्रमाणे काय मागावं

जानेवारीत हानाबिरामोची: पांढऱ्या मोचीच्या घडीत मिसोचं सारण आणि गोडवलेल्या गोबो मुळाची काडी, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. मार्चमध्ये साकुरामोची, क्योटोतली दोम्योजीच्या, म्हणजे चिकट तांदळाच्या भरड रव्याची, दाणेदार, आणि टोकियोकडची पातळ घावनात गुंडाळलेली. तिचं खारवलेलं चेरीचं पान खातात. मेमध्ये काशिवामोची, तिचं ओकचं पान खात नाहीत. या झाडाचं जुनं पान नवी पालवी फुटेपर्यंत गळत नाही, म्हणून वंश चालू राहावा या भावनेनं मुलांच्या सणाला, ५ मेला, ती खातात. वसंत आणि शरद संपाताच्या आठवड्यांत पितरांसाठी ओहागी, म्हणजे आंको लावलेले भाताचे गोळे. जुलै-ऑगस्टमध्ये मिझुयोकान, म्हणजे कांतेननं गोठवलेली पाणीदार अझुकीची वडी, आणि कुझुचे प्रकार. सप्टेंबरच्या पौर्णिमेला त्सुकिमी दांगो. क्योटोत ते गोल नसतात, अळकुडीच्या आकाराचे असतात आणि वर आंकोची पट्टी. ऑक्टोबर चेस्टनटचा. नोव्हेंबरमध्ये इनोकोमोची.

जूनचं वेगळं सांगते, कारण जूनची मिठाई तुम्ही घरी करू शकता.

मिनाझुकी, आपल्या ढोकळ्याच्या पात्रात

३० जूनला वर्षाचा पहिला अर्धा संपतो. त्या दिवशी देवळांत गवताचं मोठं कडं उभं करतात, त्यातून चालत जायचं, म्हणजे सहा महिन्यांचं किटाळ मागं राहतं. आणि मिनाझुकी खायची. पांढरी, त्रिकोणी, वर अझुकीचा थर. पूर्वी राजदरबारात उन्हाळ्याच्या तोंडाशी हिमगृहात साठवलेला बर्फ खायला मिळे. सामान्य घरांना तो कुठला? त्यांनी बर्फाच्या तुकड्याच्या आकाराची ही वडी केली. वरचे लाल दाणे अरिष्ट पळवण्यासाठी.

आदल्या दिवशी अझुकी शिजवा. १०० ग्रॅम अझुकी, न मिळाल्यास लाल चवळी. चवळी सहा तास भिजवा, अझुकीला गरज नाही. पाणी घालून उकळी आणा, पाच मिनिटांनी ते तांबडं पाणी ओतून द्या, म्हणजे तुरटपणा जातो. नवं पाणी घालून मंद आचेवर पाऊण ते एक तास शिजवा. कुकर नको, दाणे फुटतात. दाणा बोटांत धरून दाबला तर विनासायास चिरडला पाहिजे. तोपर्यंत साखर घालायची नाही. साखर आधी गेली की दाणा आवळतो आणि मग कितीही उकळा, मऊ होत नाही. शिजल्यावर ८० ग्रॅम साखर दोन वेळा करून घाला, दहा मिनिटं उकळा, चिमूटभर मीठ टाका आणि रात्रभर पाकातच ठेवा. सकाळी निथळून घ्या. वापरायला यातले साधारण १५० ग्रॅम लागतील. उरलेले तसेच खा.

आता पांढरा थर. ८० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम मोदकाची तांदूळपिठी, १० ग्रॅम तवकील, ८० ग्रॅम साखर, ३२० मिलिलिटर पाणी. आधी तवकील आणि पिठी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मैदा-साखर, मग उरलेलं पाणी हळूहळू. बारीक गाळणीतून गाळा. पाच मोठे चमचे पीठ वाटीत बाजूला काढा; हे विसरायचं नाही, हेच दाणे धरून ठेवणार आहे. १५ सेंटीमीटरच्या चौकोनी भांड्याला पाण्याचा हात लावा. पात्रात पाणी खळखळून उकळू लागलं की पीठ परत तळापासून ढवळा, कारण पिठी खाली बसलेली असते, आणि भांड्यात ओता. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब पडून वर खड्डे होतात. मोठ्या आचेवर २० मिनिटं.

वर थर पक्का झाला की दाणे एकसारखे पसरा. वाटीतलं पीठ ढवळून त्यावर ओता; दाणे पूर्ण झाकले जाणार नाहीत, जायलाही नकोत. आणखी १० ते १२ मिनिटं वाफवा. भांडं बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या, दोन तास तरी. गरम असताना सुरी लावली तर चिकटते आणि कड फाटते. गार झाल्यावर ओल्या सुरीनं चार चौकोन करा आणि प्रत्येक चौकोन तिरका कापा. आठ त्रिकोण होतील. त्याच दिवशी खा. गारवा हवा तर खाण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, जास्त नको.

फ्रिजचं कारण सगळ्या तांदळाच्या मिठायांना लागू आहे. शिजलेल्या तांदळातला स्टार्च थंडीत, विशेषतः शून्याच्या थोड्या वरच्या तापमानाला, झपाट्यानं कडक होतो. मोची फ्रिजमध्ये ठेवली की सकाळी दगड. आज खाणार असाल तर ओट्यावर सावलीत ठेवा. नसाल तर ताजी असतानाच एकेक नग घट्ट गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये, आणि खाताना बाहेर काढून आपोआप सुटू द्या.

खाताना

नेरिकिरी किंवा कोनाशी हातानं उचलून खाऊ नका. तिच्यासोबत कुरोमोजी नावाची, एका बाजूला साल ठेवलेली लाकडी काडी मिळते. काइशी कागदाची घडी डाव्या तळव्यावर, त्यावर मिठाई. काडीनं वरून खाली सरळ दाबून कापा, करवतीसारखं घासू नका, आणि तीन-चार घासांत संपवा. मात्चा असेल तर मिठाई आधी पूर्ण संपवायची, मग चहा. आपल्याला घोटाबरोबर घास घ्यायची सवय असते. इथं तोंडात गोडवा राहिलेला असताना कडू चहा प्यायचा असतो, आणि चहा त्या हिशेबानंच घोटलेला असतो. मोची, ओहागी, दांगो मात्र हातानं किंवा काडीसकट खुशाल खा. मिठाईला नाव असतं, ते दुकानात विचारून घ्या आणि घरी वाढताना सांगा. पाण्यावरचं पान, पहिली थंडी, अशी नावं असतात; नाव कळल्यावर आकार वेगळा दिसू लागतो.

भारतात न्यायचं असेल तर

नामागाशी नेण्याचा विचारच करू नका. कोरड्या हिगाशीचं छोटं खोकं, कोनपेइतो (साखरेचे काटेरी दाणे), आणि योकान (अझुकीची घट्ट वडी), हे तीन न्या. योकानसाठी तोराया. हे घराणं सोळाव्या शतकातलं, मूळ क्योटोचं. राजदरबाराला मिठाई पुरवणारं, आणि १८६९ मध्ये सम्राटाबरोबर टोकियोला गेलेलं. क्योटोत राजवाड्याजवळ इचिजो इथं त्यांचं दुकान अजून आहे. "योरु नो उमे" घ्या. काळसर योकान कापला की आत अझुकीचे फिकट दाणे दिसतात, रात्री अंधारात दिसणाऱ्या प्लमच्या फुलांचा तो भास. साहित्य साखर, अझुकी आणि कांतेन, म्हणजे घरातल्या कडक शाकाहारी माणसालाही चालेल. बंद पाकिटात साधारण वर्षभर राहतो, फ्रिज लागत नाही. मिझुयोकान किंवा पाकातलं काही घेतलं असेल तर ते केबिनच्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत टाका.

पाहुण्यांना देताना योकानची लांब लादी घेतली असेल तर सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि सेंटीमीटरभर जाडीचे काप करा. त्याहून जाड केला तर गोडाचा कंटाळा येतो, पातळ केला तर दाणा तुटतो. उरलेल्या लादीच्या कापलेल्या तोंडाला पातळ प्लॅस्टिक चिकटवून ठेवा; तसं न केल्यास त्या बाजूला साखर फुटून पांढरी पापडी धरते. ती खायला वाईट नसते, काही जण मुद्दाम तशीच होऊ देतात.